चेन दोन कड्या कमी होती

मित्रांनो, मी एक जुना डिरेलर आहे, आणि माझी एक खोड आधीच सांगून टाकतो. मला प्रत्येक गोष्टीचं कारण लागतं. ब्रेक का किंचाळतो, पावसात चेन का कुरकुरते, माणसं चहा पिताना मध्येच गप्प का होतात. मला तोंड नाही, म्हणून विचारता येत नाही. मग मी नुसता बघत राहतो.

डिरेलर म्हणजे कोण, हे तुम्हाला ठाऊक नसेल तर गिअरच्या सायकलच्या मागच्या चाकापाशी वाकून बघा. चाकाच्या मधोमध लहानमोठ्या दातेरी चक्र्यांची उतरंड असते. तिच्याखाली गुडघ्यात पाय दुमडलेलं, चिखलानं माखलेलं एक काळं ध्यान लोंबकळत असतं. तोच मी. हँडलवरचं बटण दाबलं की तार मला ओढते आणि मी चेनला या चक्रीवरून त्या चक्रीवर नेऊन ठेवतो. चढावर मोठ्या चक्रीवर, म्हणजे पायांना हलकं जातं. उतारावर लहान चक्रीवर. हे काम सगळ्यांना दिसतं आणि त्यासाठी थोडीफार शाबासकीही मिळते.

माझं दुसरं काम मात्र कुणाच्या ध्यानीमनी नसतं. चेन सैल पडली की मी पाय दुमडून तिला ताणून धरतो, आणि तिला जास्त लांबी लागली की पाय पुढे करून ढील देतो. पण पाय सरळ झाला की संपलं. त्यापुढे द्यायला माझ्याकडे काही उरत नाही. हे लक्षात ठेवा, कारण माझी सगळी गोष्ट एवढ्यावरच आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथलं मला फारसं आठवत नाही. एका यंत्रानं मला हजार वेळा मागेपुढे केलं, दुसऱ्यानं ठाकठीक म्हणून शिक्का मारला आणि मी खोक्यात गेलो. खोकं उघडलं ते उत्तर वेल्समधल्या ब्रिनलास गावात, तेगविनच्या दुकानात. तिथे सगळं पाटीच्या दगडाचं. घरांची छपरं पाटीची, कुंपणं पाटीची, चॅपेलच्या, म्हणजे गावच्या छोट्या चर्चच्या, आवारातली थडगीसुद्धा पाटीची. तेगविनचे वडील खाणीत पाट्या फोडायचे. छिन्नी ठेवण्याआधी ते दगडावर बोटानं टकटक करून कान देत आणि म्हणत, "फोडायला एक क्षण पुरतो, जोडायला जन्म पुरत नाही."

तेगविन हे वाक्य चेन तोडताना दर वेळी म्हणायचा. पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा, कमी बोलणारा माणूस. त्याच्या हाताला ग्रीसचा वास आणि स्वभावाला थोडा ताठा. चेन मोजायचा त्याचा एक नियम होता. सायकल स्टँडवर टांगायची. पेडलपाशी असलेलं पुढचं चक्र आणि मागची सगळ्यात मोठी चक्री यांच्यावरून चेन गोल फिरवायची, मला मध्ये न घेता. दोन टोकं जिथे भेटतील तिथून दोन कड्या जास्त धरायच्या आणि बाकीच्या तोडायच्या. तोडलेल्या कड्या तो फेकत नसे. दोऱ्यात ओवून, मालकाच्या नावाची चिठ्ठी बांधून जॅमच्या बरणीत टाकायचा.

मग माझ्या पाठीतला स्क्रू. हो, माझ्या पाठीत एक छोटा स्क्रू आहे. तो आवळला की मी मोठ्या चक्रीपासून लांब सरकतो, सैल केला की जवळ जातो. फार जवळ गेलो तर चक्रीवर घासतो, फार लांब राहिलो तर चेन वेळेवर चढत नाही. तेगविनकडे वडिलांनी घासून गुळगुळीत केलेली पाटीची एक चीप होती. ती माझ्या आणि चक्रीच्या मध्ये अलगद सरकली, ना अडकली ना खुळखुळली, की तो "हं" म्हणायचा. त्याच्या तोंडून "हं" निघालं म्हणजे पावती मिळाली. मग मालकानं सायकल घेऊन चॅपेलपर्यंत जायचं आणि परत यायचं. त्या फेरीशिवाय एकही सायकल त्याच्या दुकानातून जात नसे.

माझी मालकीण म्हणजे तेगविनची धाकटी बहीण मेरेरिद. गावची पोस्टमनबाई! डोंगरातल्या एकेका घरी पत्रं पोचवून तिच्या पोटऱ्या दगडासारख्या झाल्या होत्या, आणि जीभ तर त्याहून टणक. भावाला म्हणायची, "तेग, तुझ्या दुकानात माणसापेक्षा सायकलला जास्त मान आहे."

"सायकल उलटं बोलत नाही," तो म्हणायचा.

"म्हणूनच तुझं लग्न झालं नाही."

पहिली पाच वर्षं मी तिच्या साध्या सायकलवर काढली. त्या सायकलचा मागचा भाग ठोकळ्यासारखा घट्ट होता. तेगविनचा नियम तिथे पक्का बसला. दर सप्टेंबरात खाणीच्या वाटांवर सायकलींची शर्यत असायची. मेरेरिद दोनदा पहिली आली, एकदा तिसरी. शेजारच्या बेकरीतली एलुनेद मावशी माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली होती, "हे मागे लोंबकळतंय ना, त्याला पण ब्रेडचा एक तुकडा द्या गं!" त्या दिवशी मला फार बरं वाटलं.

मग मेरेरिदनं नवी सायकल घेतली. तिच्या मागच्या चाकाला शॉकअप होता. दगडावरून उडी मारली की तो दबायचा आणि धक्का खाऊन टाकायचा. मी चांगल्या स्थितीत होतो, म्हणून तेगविननं मलाच तिथे बसवलं आणि नवी चेन घेतली. सायकल स्टँडवर टांगली, चेन फिरवली, दोन कड्या जास्त धरल्या. "फोडायला एक क्षण पुरतो," म्हणाला आणि बाकीच्या तोडल्या. दोऱ्यात ओवल्या, चिठ्ठी बांधली, बरणीत टाकल्या. पाटीची चीप सरकली. "हं."

मेरेरिद चॅपेलपर्यंत जाऊन आली. तो रस्ता तळहातासारखा सपाट. पण सीटवर ती बसली त्याच क्षणी मला एक विचित्र गोष्ट जाणवली. शॉकअप थोडा दबला आणि मागचं चाक पुढच्या चक्रापासून जरासं लांब गेलं. माझा पाय तेवढाच पुढे ओढला गेला. मला नवल वाटलं. आधीच्या सायकलवर असं कधी झालं नव्हतं. बसल्यावर एवढं, तर उडी मारल्यावर किती? माझ्या पायात तेवढी ढील आहे का? हा प्रश्न मला पहिल्याच दिवशी पडला होता, मित्रांनो. पण विचारणार कुणाला, आणि कसं?

त्या वर्षीच्या शर्यतीत खाणीच्या कडेला एक नवी वाट काढली होती. आधी छातीवर येणारा चढ, आणि माथा ओलांडला रे ओलांडला की माणूसभर उंचीची दगडी पायरी. मेरेरिद सगळ्यांच्या पुढे होती. चढासाठी तिनं चेन सगळ्यात मोठ्या चक्रीवर घेतली होती. माझा पाय आधीच बराच ताणला गेला होता. माथा आला, गिअर बदलायला उसंत मिळाली नाही, आणि आम्ही पायरीवरून हवेत गेलो.

खाली आदळलो तेव्हा शॉकअप पार तळापर्यंत दबला. चाक मागे गेलं. चेननं माझ्याकडे ढील मागितली. मी दिली, होती नव्हती ती सगळी दिली. पाय काठीसारखा सरळ झाला आणि चेन अजून मागतच होती. मग मला धरून ठेवणारा ॲल्युमिनियमचा मऊ कान कट्‌कन तुटला, मी चाकाच्या आऱ्यांत गेलो आणि चाक जागच्या जागी थांबलं. मेरेरिद थांबली नाही. ती हँडलवरून पुढे दगडांवर पडली.

गळपट्टीचं हाड मोडलं, मनगट मोडलं. तेगविन धावत आला. त्यानं आधी तिच्याकडे बघितलं, मग आऱ्यांत अडकलेल्या माझ्याकडे, मग मोठ्या चक्रीवरच्या चेनकडे. आणि त्याचे पहिले शब्द होते, "गिअर का नाही बदललास?"

मला माहीत आहे, तो घाबरला होता. पण शब्द ते शब्दच. मेरेरिदनं डोळे मिटले आणि म्हणाली, "चुकलं माझं."

मी तिथेच ओरडणार होतो, अगं नाही! चूक तुझी नाही! पण मी लोखंडाचा, मोडलेला, आऱ्यांत पिळवटलेला. मी काय ओरडणार?

हाडं जुळली, पण मेरेरिद पुन्हा सायकलवर बसली नाही. पत्रं वाटायला तिनं पोस्टाची लाल मोटार घेतली. सायकल तेगविनच्या दुकानात भिंतीवर टांगली गेली आणि मी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, त्याच चेनसोबत. झाकणाला एक भोक होतं. त्यातून मला बरणी दिसायची आणि बरणीत "मेरेरिद" लिहिलेली चिठ्ठी. दोन वर्षं मी त्या चिठ्ठीकडे बघत होतो. तेगविनचा हात तिच्या शेजारून रोज जायचा.

एलुनेद मावशी दर गुरुवारी ब्रेड घेऊन यायची. "ती सायकल काय देवाला वाहिली आहेस का, तेगविन? खाली काढ की."

"तिला नकोय, मावशी."

"तिला नको असं ती म्हणते. तू विचारलंस का?"

तेगविन ब्रेडचा तुकडा तोंडात कोंबून गप्प बसायचा. माणसं खाताना का गप्प होतात, ते मला तेव्हा कळलं.

मग ऑगस्ट महिन्यातल्या एका शनिवारी मेरेरिद स्वतः आली. म्हणाली, "पलीकडच्या खोऱ्यात एक बाई सायकल शोधतेय. हिला देऊन टाकते. नीट करून दे."

तेगविननं डबा उघडला. दोन वर्षांनी मला उजेड दिसला! त्यानं माझा वाकडा पाय वायसरच्या शिकंज्यात धरून सरळ केला, चक्र्या धुतल्या, तेल दिलं, नवा कान बसवला. सायकल स्टँडवर टांगली आणि मला जागेवर लावलं. चेन मात्र तीच घातली, तेवढ्याच लांबीची. सगळे गिअर एकेक करून फिरवले. शेवटचा मोठ्या चक्रीचा. चीप सरकली, "हं" झालं, आणि सायकल जमिनीवर आली.

आता बघा गंमत. दोन वर्षांत शॉकअपमधली हवा हळूहळू निघून गेली होती. कुणी बघितलंच नव्हतं. मेरेरिदनं सवयीनं टांग टाकली आणि ती सीटवर बसली. फुस्स करून सायकलचा मागचा भाग पार खाली बसला. माझा पाय ओढला गेला, सरळ झाला, आणि कर्रर्र असा आवाज झाला.

"अगं बाई! हा कसला आवाज?" ती म्हणाली.

"शॉकअपची हवा गेलीय. उतर, पंप आणतो."

ती उतरली नाही. मान वळवून खाली बघत राहिली. देव तिचं भलं करो, तिलाही माझ्यासारखीच खोड होती. "तेग, पंप राहू दे. आधी इकडे ये. हा असा काठीसारखा का झालाय?"

तेगविन गुडघ्यावर बसला. बराच वेळ त्यानं माझ्याकडे बघितलं. एवढं निरखून मला कुणीच बघितलं नव्हतं, कारखान्यातल्या यंत्रानंसुद्धा नाही.

"जरा उठ," तो म्हणाला.

ती उठली. सायकल वर आली, माझा पाय दुमडला.

"बस."

ती बसली. पाय सरळ. कर्रर्र.

"उठ. बस. परत उठ."

"शाळेतली शिक्षा देतोयस का रे?" ती म्हणाली. मग तिला त्याचा चेहरा दिसला आणि ती हसायची थांबली.

तेगविन उठला, फळीवरची बरणी काढली, टेबलावर उपडी केली आणि तिच्या नावाच्या कड्या हुडकून काढल्या. त्यातल्या दोन त्यानं माझ्या चेनशेजारी धरून बघितल्या. मग तो जमिनीवरच बसला.

"मी हवेत मोजली," तो म्हणाला. "टांगून मोजली. वर कुणी बसलेलं नव्हतं."

"म्हणजे?"

"या सायकलवर माणूस बसलं की चाक मागे जातं. जेवढा दाब, तेवढं मागे. जुन्या सायकलचं जात नव्हतं. मी नियम तोच लावला. चेन दोन कड्या कमी पडली, मेरेरिद. तू गिअर बदलला नाहीस म्हणून काही मोडायला नको होतं. माझ्यामुळे पडलीस तू."



मेरेरिद उतरली. तिचा आवाज चढला नाही. "दोन वर्षं, तेग. दोन वर्षं मी ती लाल मोटार चालवते आणि मनात रोज ती पायरी उतरते. आणि दर वेळी गिअर बदलते. रोज! तरी रोज पडते."

"मला माफ—"

"आत्ता बोलू नकोस."

ती बाहेर गेली. तेगविन दाराकडे बघत बसला. त्याला वाटलं ती गेली, मलाही तसंच वाटलं. पण मी चाकाच्या उंचीवरून उघड्या दारातून बघत होतो, आणि मला दिसलं की ती रस्त्यानं सरळ चॅपेलपर्यंत चालत गेली, फाटकाला हात लावून जरा वेळ उभी राहिली आणि मागे वळली.

परत आली तेव्हा डोळे लाल होते. "नवी चेन आहे?"

"आहे."

"मग आण. आणि खबरदार, मी वर बसायच्या आधी चेन तोडलीस तर."

मित्रांनो, त्या दिवशीसारखं काम मी आयुष्यात पाहिलं नाही. शॉकअपमधली उरलीसुरली हवा त्यांनी सोडून दिली. मेरेरिद भिंतीला हात टेकून सीटवर पूर्ण वजनानं बसली. तेगविन पोटावर झोपला आणि चेन पुढच्या चक्रावरून आणि मागच्या मोठ्या चक्रीवरून फिरवू लागला. सायकल दबलेली असताना मोजली तेव्हा टोकं पहिल्यापेक्षा बोटभर पुढे जाऊन भेटली. तिथून त्यानं दोन कड्या जास्त धरल्या. चेन तोडण्याआधी तो थांबला आणि वर बघितलं.

"तोडू?"

"परत मोज."

त्यानं परत मोजली. "आता?"

"आता तोड."

मग हवा भरली, तिच्या वजनाला बेताची. ती पुन्हा बसली, आणि ती बसलेली असतानाच त्यानं माझ्या पाठीतला स्क्रू फिरवला. पाव फेरा, अजून पाव फेरा. पाटीची चीप सरकली. "हं" मात्र तो म्हणाला नाही. तो म्हणाला, "तू बघ."

तिनं वाकून बघितलं. आणि ती म्हणाली, "हं."

पलीकडच्या खोऱ्यातल्या बाईला निरोप गेला की सायकल द्यायची नाही.

पुढच्या रविवारी आम्ही खाणीवर गेलो. शर्यत नव्हती, गर्दी नव्हती. एलुनेद मावशी तेवढी एका दगडावर फडकं पसरून थर्मास घेऊन बसली होती. तेगविन पायरीच्या खाली उभा. मेरेरिद चढावर आली. चेन मोठ्या चक्रीवर होती. माथा जवळ आला. बटण तिच्या अंगठ्याखालीच होतं, आणि या वेळी उसंतही होती. मला कळत होतं की ती दाबेल, आता दाबेल. तिनं दाबलं नाही. मुद्दाम दाबलं नाही.

आम्ही हवेत गेलो. आदळलो. शॉकअप तळाला गेला, चाक मागे गेलं, चेननं माझ्याकडे ढील मागितली. मी देत गेलो, देत गेलो, आणि ती थांबली तेव्हा माझा गुडघा अजून किंचित वाकलेला होता. एवढासा. पण तेवढाच लागतो.

मेरेरिद सायकल फिरवून उभी राहिली आणि किंचाळली, "बदलला नाही! तेग, गिअर बदलला नाही मी!"

तेगविन धावत आला. तिच्यापुढे उभा राहिला, दम लागला होता. म्हणाला, "लागलं का?"

"पडले कुठे मी? बघितलंस की."

"आजचं नाही विचारत गं," तो म्हणाला. "त्या दिवशीचं विचारतोय."

"हो रे," ती म्हणाली. "खूप लागलं होतं." आणि सायकल आडवी टाकून ती भावाच्या गळ्यात पडली. मी चिखलात रुतून पडलो होतो, पण माझी काही तक्रार नव्हती. एलुनेद मावशीनं चहा ओतला आणि बराच वेळ कुणालाच हाक मारली नाही.

आता मी म्हातारा झालोय. माझ्या सांध्यांत खुळखुळ आली आहे. तेगविनच्या टेबलामागच्या खिळ्याला त्या दोन कड्या अजून टांगलेल्या आहेत. शॉकअपची सायकल घेऊन कुणी आलं की तो आधी म्हणतो, "बसा वर," आणि मग पाना हातात घेतो.

मित्रांनो, तुम्हीही ज्याच्यासाठी मोजताय त्याला आधी बसवा आणि मग मोजा. आठवड्यातून एकदा माझ्यासारख्यांच्या चक्र्यांतला चिखल पुसा. आणि कुणी पडलं तर कारण नंतर शोधा. कारणं शोधायची मलाही फार हौस आहे, ती कुठे पळून जात नाहीत. आधी जवळ जा आणि विचारा, लागलं का?